तीन दिवस एकच पान

सुवार्ताबाईंनी चष्मा पदराने पुसला, परत लावला आणि पुस्तिका खिडकीकडे धरली. बारा मे. पान उलटलं, तेरा मे. पुन्हा उलटलं, चौदा मे. तिन्ही तारखांखाली एकच मनन छापलेलं होतं. एखाददुसरा शब्द इकडचा तिकडे झालेला, बाकी सगळं तेच. सासऱ्यांची तीच आठवण, तोच शेवट.

'पहाटपान' महिन्याला एकदा निघायचं. दिवसाला एक पान. वर शास्त्रातला, म्हणजे बायबलमधला, कुठला उतारा वाचायचा ते, आणि खाली त्यावर पंधरा-वीस ओळींचं मनन. नगरपासून सोलापूरपर्यंत कितीतरी मराठी ख्रिस्ती घरांत ते सकाळच्या चहाआधी वाचलं जायचं, आणि गेली बावीस वर्षं त्यातली ओळन् ओळ सुवार्ताबाईंचे यजमान शांतवन आढाव सर यांच्या हातची होती. मुख्याध्यापकीतून ते निवृत्त झाले होते, ह्या कामातून नाही. छापखान्यातल्या संपतने फार वर्षांपूर्वी त्यांचा एक स्वल्पविराम हलवला होता. सर नाना पेठेतून छापखान्यात चालत गेले आणि तासाभराने परत आले, तोवर संपतने त्यांच्या मजकुराला जन्मात हात न लावण्याचं ठरवून टाकलं होतं. आताही त्याने लावला नव्हता. सरांनी तीनदा लिहून पाठवलं, त्याने तीनदा छापलं.

मे महिन्याचा मजकूर फेब्रुवारीत गेला होता. आणि जानेवारीत सरांना झटका आला होता. हलकासा, असं डॉक्टर म्हणाले होते. हात-पाय ठीक, बोलणं ठीक, पाच दिवसांत घरी. सगळ्यांनी आभारप्रार्थना केली आणि विषय संपवला.

"अभिनव," त्यांनी हाक मारली. आवाज बारीक निघाला. "जरा इकडे ये. दार लाव."

वाकडच्या ह्या सातव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये अजून अर्धी खोकी उघडायची होती. संध्याकाळी पाच वाजता घराच्या समर्पणाची उपासना होती. चर्चचे पाळकसाहेब येणार होते, मंडळीतली चाळीस माणसं येणार होती. अभिनव हातात एक्स्टेंशन बोर्ड घेऊन आत आला, त्याने तिन्ही पानं वाचली आणि ओट्याला टेकून उभा राहिला.

"पप्पांना माहितीये?"

"मी कशाला विचारू? आजच बघतेय. दहा दिवस तुमची भांडीच लावतेय, पुस्तिका पिशवीतच राहिली होती." मग त्या हळूच म्हणाल्या, "माझ्या आईचं असंच सुरू झालं होतं रे. एकच गोष्ट परत परत. मग तिला मीच ओळखू येईना."

अभिनव तीच पानं पुन्हा चाळत राहिला. हिंजवडीत तीस माणसांची टीम सांभाळणारा मुलगा, पण आईच्या चेहऱ्याकडे बघायची त्याची छाती होईना.

---

"सरळ विचारायचं," अपेक्षा म्हणाली. ती दुपारीच कोथरूडहून आली होती आणि बाल्कनीत केकची खोकी मोजत होती. "पप्पा, तुम्ही तीनदा एकच लिहिलंत, काय झालं? एवढं सोपं आहे."

"आज?" अभिनव म्हणाला. "चाळीस लोक येतायत."

"मग उद्या. पण एमआरआय परत करायचा. आणि त्या 'पहाटपान'वाल्यांना कळवायचं की आता बस झालं."

"बस झालं म्हणजे? अगं, तेवढ्यासाठी तर ते सकाळी उठतात."

"म्हणून वेड्यासारखं काहीतरी छापून येऊ द्यायचं? लोक हसतील, दादा. पप्पांना. चालेल तुला?"

नाही, ते त्याला चालणार नव्हतं. लहानपणी शाळेतली मुलं पप्पांना किती घाबरायची ते त्याने पाहिलं होतं, आणि त्या भीतीचा त्याला केवढा अभिमान वाटायचा! पप्पांना कोणी हसतंय हे चित्र त्याच्या डोळ्यांसमोर आलं आणि त्याने खिशातून मोबाइल काढला.

"मी पाळकसाहेबांना फोन करतो," तो म्हणाला. "पप्पांना आज काही वाचायला सांगू नका म्हणतो. घसा बसलाय म्हणून सांगू."

"म्हणजे खोटं बोलायचं. समर्पणाच्या दिवशी. वा!"

"तू गप्प बस ना गं."

त्याने फोन लावला. पाळकसाहेबांचा मोबाइल बंद होता. पुन्हा लावला, पुन्हा बंद. खाली रस्त्यावर कंपन्यांच्या बसेस एकामागून एक जात होत्या, आणि शनिवार असूनही त्यांत माणसं होती. गेल्या वर्षी हे घर बुक केलं तेव्हा अभिनवला वाटलं होतं, आता सगळं मार्गी लागलं. आईवडिलांना नाना पेठेतल्या दोन खोल्यांतून इकडे आणायचं, मग चिंता नाही.

---

शांतवन आढाव आतल्या खोलीत पलंगाच्या कडेला बसले होते. मांडीवर वर्तमानपत्र होतं. दर दोन मिनिटांनी ते एक पान उलटत होते. किती वेळाने उलटायचं ह्याचा अंदाज आता त्यांना आला होता.

अक्षरं दिसत होती. काळी, स्वच्छ, ठसठशीत. फक्त लागत नव्हती. अनोळखी भाषेतली पाटी बघावी तशी ती नुसती समोर असायची. हॉस्पिटलात डॉक्टरांनी त्यांना हात वर करायला सांगितले, केले. आजचा वार विचारला, सांगितला. नाव लिहायला सांगितलं, सुंदर वळणदार लिहून दिलं. वाचायला कोणी सांगितलंच नाही. चाळीस वर्षं मास्तरकी केलेल्या माणसाला कोण वाचायला सांगणार?

लिहिता येत होतं, हीच त्यातली थट्टा होती. हात आपोआप चालायचा. पण लिहून झालं की तेच कागद परके व्हायचे. हॉस्पिटलातून आल्यावरचे फेब्रुवारीतले दिवस एकमेकांत मिसळले होते. काल काय लिहिलं ते आठवायचं नाही आणि वाचून बघायची सोय नाही. देवाचं नाव घेऊन रोज एक पान लिहायचं आणि पाकिटात टाकायचं. पाकीट पोस्टात पडलं की छातीत धडधड सुरू व्हायची. आपण काय पाठवलंय? आजवर कोणी काही बोललं नव्हतं. न बोलण्याचीच त्यांना जास्त भीती वाटत होती.

संध्याकाळची घरातली प्रार्थना ते अजून चालवत होते. शास्त्र उघडायचं आणि पाठ असलेला भाग म्हणायचा. पुष्कळ पाठ होतं. पण चार महिने रोज म्हटल्यावर तेही संपत आलं होतं, आणि जे कधी पाठ केलं नव्हतं ते आता कायमचं बंद झालं होतं. ह्या विचाराशी ते आले की पुढे जात नसत. हजारो लोकांना आपण सांगत आलो, रोज वाचा, वाचलेल्यावर थांबा, तिथेच धीर मिळतो. मग ज्याच्याकडून वाचणंच काढून घेतलं, त्याने धीर कुठून आणायचा?

परवा ते एकटेच खाली फिरायला गेले होते. लिफ्टमध्ये बटणं मोजून दाबलं तरी चुकलं असावं. बाहेर आले तर चार बंद दारं, सगळी सारखी. पाट्यांवर नावं होती. ती नावं बघत ते तिथे उभे राहिले. सत्तर वर्षांच्या आयुष्यात असे घाबरले नव्हते. शेवटी जिन्याने मजला मजला उतरत, प्रत्येक दाराशी कान लावत गेले. एका दारामागे सुवार्ताचा आवाज आला, तेव्हा त्यांनी बेल वाजवली. "इतका वेळ कुठे होतात?" तिने विचारलं. "हवा छान होती," ते म्हणाले.

दारावर टकटक झाली. पूर्वा होती. अभिनवशी लग्न होऊन तिला तीन वर्षं झाली होती आणि ह्या घरात सरांशी वाद घालायची हिंमत फक्त तिच्यात होती.

"पप्पा, प्रोग्रॅम थोडा चेंज झालाय. पाळकसाहेबांचा मेसेज आला. त्यांना तुमच्या तोंडून 'पहाटपान' ऐकायचंय. बारा तारखेचं. मी पुस्तिका आणलीये."

सरांनी पुस्तिका घेतली. उघडली. कुठलं तरी पान.

"हं. तू एकदा वाचून दाखव बरं. चष्मा कुठे ठेवलाय, सापडेना."

पूर्वाने त्यांच्याकडे पाहिलं. चष्मा त्यांच्या डोळ्यांवर होता.

ती हसणार होती. पण त्यांच्या हातातली पुस्तिका उलटी होती, आणि ती थरथरत होती. पूर्वाच्या मनात गेल्या दहा दिवसांतलं एक एक येऊ लागलं. प्रार्थनेत भलत्याच ठिकाणी उघडलेलं शास्त्र. औषधाच्या पट्ट्या हातात घेऊन "ह्यातली सकाळची कुठली गं?" विचारणं.

"पप्पा," ती म्हणाली, "कधीपासून?"

सर उत्तर द्यायच्या आत बेल वाजली, मग पुन्हा वाजली, आणि बाहेर "जय ख्रिस्त, जय ख्रिस्त" सुरू झालं. कोणीतरी पूर्वाला हाक मारली.

"सांगू नकोस कोणाला," सर म्हणाले. त्यांनी तिच्याकडे कधी काही मागितलं नव्हतं.

---

पूर्वाने सांगितलं. स्वयंपाकघरात, पेल्यांत सरबत ओतता ओतता, सासूच्या कानाशी. "आई, पप्पांना वाचता येत नाहीये. डोकं अगदी नीट आहे त्यांचं. फक्त वाचता येत नाही. बहुतेक झटक्यापासून."

सुवार्ताबाईंनी हातातला पेला ओट्यावर ठेवला. आधी सुटल्यासारखं वाटलं, आपल्या आईसारखं नाही म्हणून. पुढच्याच क्षणी कळलं, की हा माणूस चार महिने आपल्या शेजारी बसून एकटाच घाबरत होता आणि आपण त्याला विचारत होतो, पेपरात आज काय आलंय. त्यांना रडू फुटलं असतं, पण बाहेर गीत सुरू झालं होतं.

हॉलमध्ये सतरंज्या टाकल्या होत्या. खुर्च्यांवर म्हातारी माणसं, खाली बाकीचे. पाळकसाहेबांनी प्रत्येक खोलीत जाऊन प्रार्थना केली, बाथरूमसुद्धा सोडलं नाही. मग ते परत आले आणि हात चोळत उभे राहिले. स्वभावाने भला माणूस, फक्त आनंद झाला की त्यांना थांबवणं अवघड.

"आता आढाव सर आपल्यासाठी बारा तारखेचं पान वाचतील. मंडळीत सगळे त्याच पानाबद्दल बोलतायत. सर, या."

सर उठले नाहीत. सुवार्ताबाई दाराशी उभ्या होत्या. सर पुस्तिकेकडे बघत होते, आणि कपाळावर घाम आला होता. त्या पुढे व्हायला निघाल्या, तोच अभिनव उठला.

"पाळकसाहेब, पप्पांचा घसा बसलाय सकाळपासून. मी वाचतो ना."

अपेक्षाने भावाकडे पाहिलं आणि मान खाली घातली. तिलाही तेच हवं होतं आता. वडिलांचा तो घाम तिने पाहिला होता.

"अरेरे, चालेल, चालेल," पाळकसाहेब म्हणाले. अभिनवने पुस्तिकेसाठी हात पुढे केला. एवढंच करायचं होतं. पुस्तिका त्याच्या हातात द्यायची आणि बसून राहायचं. कोणाला काही कळलं नसतं.

सरांनी ती दिली नाही.

"घसा ठीक आहे माझा," ते म्हणाले. वर्गात बोलायचे त्याच आवाजात, पण तो मध्येच फाटला. "ह्या घरातलं पहिलं खोटं माझ्यासाठी बोललं जाऊ नये. मला वाचता येत नाही. जानेवारीपासून. एक अक्षर नाही."

कोणीतरी लहान मुलाला "श्श" केलं, आणि मग तेही थांबलं. अभिनवचा हात तसाच पुढे होता.

"मी सांगितलं नाही, कारण मला भीती वाटली," सर म्हणाले. "अजून वाटते. तुम्हाला मी रोज धीर लिहून पाठवतो आणि माझ्याकडे नाही. हे आज सांगून टाकतो." त्यांनी मान वळवली. "सुवार्ता, तू वाच."

बेचाळीस वर्षांच्या संसारात घरच्या प्रार्थनेत सुवार्ताबाईंनी कधी मोठ्याने वाचलं नव्हतं. वाचायचं सरांनी आणि त्यांनी ऐकायचं, अशीच रीत होती. त्या खुर्चीशी आल्या आणि पुस्तिका हातात घेतली. ती ओली लागली, सरांच्या घामाने.

"मे बारा," त्यांनी वाचलं. पहिले चार शब्द अडखळतच आले. "माझ्या वडिलांना, कचरू आढावांना, वाचता येत नव्हतं. दर रविवारी ते पाच मैल चालून मिशनच्या मास्तरांकडे जात आणि वचन वाचून घेत. परतीच्या वाटेवर ते तोंडाने म्हणत येत. पण ओढा लागे, कुत्री अंगावर येत, कोणी ओळखीचा भेटे, आणि घरी पोचेपर्यंत अर्धं सांडून जाई. आई विचारी, आज काय मिळालं? ते म्हणत, अर्धं आणलंय. आणि ते अर्धं आम्ही शनिवारपर्यंत वापरत असू. भीती वाटते तेव्हा मलाही सगळं आठवत नाही. तुम्हालाही आठवणार नाही. घाबरू नका. जेवढं हाती उरलंय तेवढ्यावर आजचा दिवस भागवा. रविवार परत येतो."

"आमेन," पाळकसाहेब म्हणाले, फार हळू.

सरांनी डोळे मिटले होते. "हे मी लिहिलं?"

"तुम्हीच."

"पुढचं वाच. तेरा तारखेचं."

सुवार्ताबाईंनी अभिनवकडे पाहिलं. अभिनवने मान हलवली, नको. अपेक्षाही तशीच हलवत होती. एकटी पूर्वा स्वयंपाकघराच्या दाराशी उभी राहून सासूकडे बघत होती, आणि तिने डोळ्यांनी सांगितलं, वाचा. लपवल्याने काय होतं ते दोघींना आजच कळलं होतं.

"मे तेरा," त्या म्हणाल्या. "माझ्या वडिलांना वाचता येत नव्हतं."

दुसऱ्या ओळीला सरांनी डोळे उघडले. चौथ्या ओळीला त्यांचा हात खुर्चीच्या दांडीवर घट्ट झाला. त्या शेवटपर्यंत वाचत राहिल्या. थांबल्या तेव्हा सरांचा चेहरा पांढरा पडला होता.

"चौदाला?"

"चौदालाही तेच आहे."

"तीन दिवस." त्यांनी खोलीभर नजर फिरवली. "तुम्ही सगळ्यांनी वाचलंत हे? आणि एकानेही मला सांगितलं नाही?"

मग भिंतीशी बसलेल्या शकूमावशी गुडघ्यावर हात टेकून थोड्या पुढे सरकल्या. सुवार्ताबाईंची ही चुलत बहीण लोणी काळभोरहून आली होती. साक्षरतेच्या वर्गात जाऊन ती पन्नाशीत वाचायला शिकली होती आणि अजून ओळीखाली बोट ठेवून वाचायची.

"काय सांगायचं, दाजी? आमाला वाटलं तुमी मुद्दाम दिलंय. तीन दिस त्येच वाचायचं हाय म्हनून."

"मुद्दाम?"

"व्हय. ह्यांचं आपरेशन हुतं तेरा तारखेला. बारा तारखेला वाचलं, तवा टकुरं फिरल्यालं, काय बी ध्यानात आलं न्हाई. तेराला दवाखान्यात बाकड्यावर बसून वाचलं, त्येच निघालं. म्हनलं, असू दे, दाजींना ठावं असंल मला एका दिसात कळायचं न्हाई ते."

सर तिच्याकडे बघत राहिले.

"मग भीती गेली?"

शकूमावशींनी विचार केला. खोटं बोलणारी बाई नव्हती ती.

"न्हाई गेली," ती म्हणाली. "पर चौदाला जेवले मी."

सरांचा हात अजून थरथरत होता. तो त्यांनी लपवला नाही. मांडीवर तसाच उघडा ठेवला, सगळ्यांच्या समोर.

"सुवार्ता," ते म्हणाले, "चौदाचंही वाच. सावकाश. मला एका दिवसात कळायचं नाही."